आपा, जागा कोणासाठी ठेवली होती?

आपा, तुमच्यावर मला फार राग आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, ते काल तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला तुमच्या घरी बसून मी पुष्कळ ऐकलं. रझियाआपा म्हणजे फरिश्ता, रझियाआपांनी कधी आवाज चढवला नाही, कोणाचं मन दुखवलं नाही. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, बायांनो, तुम्ही आपांना रुईवाल्याशी भाव करताना कधी पाहिलेलं दिसत नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तुम्ही तळाची ओली रुई काढायच्या आणि त्याच्या नाकासमोर धरायच्या, तेव्हा तो माणूस घाम पुसायचा. मला त्या आपा पाहिजेत. फरिश्त्याशी भांडता येत नाही.

आणि भांडण तर अर्धंच राहिलंय. आज आपला गादी-रजयांचा कारखाना उघडला. आम्ही बायका आपापल्या जागी बसलो, पिंजायचं मशीन सुरू झालं, तुमच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. थोड्याच वेळात तुमच्या सलीमनं कीर्तीला बोलावलं आणि सांगितलं, नवऱ्याकडे जायचं तर खुशाल जा, पण तुझी जागा ठेवता येणार नाही. मी त्याला दोष देत नाही. तुमच्यामागे हे असं होणार, हे मी तुम्हाला किती वेळा बजावलं होतं. "आपा, एकदा सगळ्यायसमोर नियम म्हणून सांगून टाका." दरवेळी तुमचं एकच. "सांगायचं काय त्यात? मी आहो न." घ्या. आता कुठे आहात?

कीर्ती माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. पातूरच्या माळ्याची पोर, घरी भाजीचा मळा, लग्न झालं ते सैन्यातल्या शिपायाशी. नवरा म्हणजे तिला सुटीतच भेटणारा पाहुणा. आता कुठे त्याला क्वार्टर मिळालंय, तर इकडे खोळी शिवायचं सगळं काम तिच्या हाताखाली आलेलं. नवरा की काम, असं पोरीला विचारलंय तुमच्या मुलानं. असाच प्रश्न मला माझ्या घरानं विचारला होता, आणि त्याचं उत्तर तुम्ही दिलं होतंत. म्हणून ती माझ्याकडे आली. या कारखान्यात फौजीची बायको असून टिकलेली मी एकटीच ना.

कसं दिलं होतंत ते उत्तर, आठवतं? माझे सासूसासरे बडनेऱ्याला, मी रोज गाडीनं अकोल्याला. दिनेश तेव्हा सीमेवर, जिथे बायकोला नेता येत नाही अशा ठिकाणी. सासूबाई म्हणाल्या, त्याचा पगार येते, उद्या पेन्शन येईन, रोज गाडीत कायले मरतं? मी दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी तुम्ही स्टेशनवरून ऑटोनं आमच्या दारात. बुरखा मागे टाकून ओट्यावर बसलात. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. तुम्ही चहा पूर्ण प्यालात, कपाची तारीफ केलीत, आणि मग म्हणालात, "मी तुमच्या सुनेले मागाले आली."

सासूबाई म्हणाल्या, "मागाले म्हंजे?"

"म्हंजे तिचा हात पायजे मले. टाका एकसारखा पडते तिचा. तुमचा पोरगा देशाले देला तुमी, मंग सून दिवसभरापुरती मले देल्यानं काय होते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझा डबा भरला. नंतर कितीतरी वर्षं त्या तुमची नक्कल करून दाखवायच्या, आणि नक्कल करता करता पदर डोक्यावरून बुरख्यासारखा ओढायच्या. सोमवारी तुमचं कळलं तेव्हा चुलीपुढे बसून राहिल्या, जेवल्या नाहीत.

पण मी कशावर चिडलेय ते सांगते. तुम्ही "देश" म्हणालात. ते मी खरं मानून बसले.

पुढे दिनेशला जोधपूरला क्वार्टर मिळालं. मी तुम्हाला सांगायला आले तेव्हा माझ्या मांडीवर लग्नाची रजई अर्धी शिवून होती. आपल्याकडची रीत अशी की एका रजईला एकच हात. एकीनं सुरू केलेली दुसरी पुरी करत नाही, कारण दोघींची ओढ वेगळी, मग पहिल्याच हिवाळ्यात एकीकडची रुई दुसरीकडे सरकते आणि मधे नुसतं कापड राहतं. दुसरी कोणी मालकीण असती तर म्हणाली असती, आधी ही संपव, मग जा. तुम्ही म्हणालात, "घेऊन जाय. तिथं पुरी कर आन पार्सलनं धाड." दिनेश मला न्यायला आला तो ती एवढी थोरली वळकटी पाहून डोक्याला हात लावून बसला. गाडीत आम्हा दोघांपेक्षा तिनंच जास्त जागा घेतली. टी.सी.नं विचारलं, यात काय आहे, तर दिनेश म्हणाला, "हिची नोकरी."

ती रजई मी क्वार्टरच्या गच्चीवर पुरी केली. आजूबाजूच्या फौजींच्या बायका पाहायला यायच्या. त्यांच्यातल्या एकीनं मला तिकडची हलकी रजई दाखवली, हातात घेतली तर काही घेतलंच नाही असं वाटावं अशी. रुई इतकी पिंजलेली की तिला वजनच उरत नाही, आणि टाके जवळजवळ. मी एसटीडी बूथवरून तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, शिकून घे, मंग ये. तिथे बसून मी शिवत राहिले, तुम्ही खोळी पाठवत राहिलात. दिनेशची बदली पुन्हा सीमेवर झाली, मी परत आले, तर माझ्या जागेवर माझीच चटई. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं आपा, की बाकीच्या बायका माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत हेही माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग मी हलक्या रजया शिवल्या आणि आपण दोघी तोंडावर आपटलो. पहिली रजई एका लग्नघरात गेली. नवऱ्या मुलीच्या मामानं ती एका हातात तोलली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे रजई होय का उपरणं होय? आमाले फसवता काय?" आपल्या वऱ्हाडात आंदणातली रजई दोघांनी उचलावी लागते, नाहीतर रुई चोरली म्हणतात. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तुम्हाला माझ्याही आधीपासून. दोघींच्याही डोक्यात आलं नाही. रजया परत आल्या. मी रडायला आले, तुम्ही भिंतीला टेकून हसत सुटलात, दम लागेपर्यंत. म्हणालात, "पोट्टे, आपुन रुई पिंजली, पन मामा नाई पिंजला." मग त्याच रजया तुम्ही अमरावतीच्या मास्तरणींना आणि बडनेऱ्याच्या रेल्वेवाल्यांना विकल्या, ज्यांना त्या घडी घालून कपाटात ठेवायच्या होत्या. अमरावतीचं दुकान त्यांच्यावरच उभं राहिलं, आणि ते दुकान तुम्ही माझ्या ताब्यात दिलंत, अर्धा आठवडा तिकडे, अर्धा इकडे माझ्या चटईवर. मी साधी टाके घालणारी बाई, त्या दिवसापासून मला लोक मॅनेजर म्हणायला लागले. हे मी विसरले नाही, आणि विसरणारही नाही.

पण त्याच वर्षांत सिंधूचं झालं. ते तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत, कारण त्याबद्दल बोलूच दिलं नाहीत.

ती वर्षं कशी होती ते तुम्हाला काय सांगू. कापूस पिकवणाऱ्या मुलखात गादी करायला पैसा नव्हता. गावोगावची लग्नं पुढे ढकलली जात होती, आणि झाली तरी आंदणातून आधी पलंग गेला, मग गादी गेली, शेवटी रजई तेवढी राहिली. नवी रुई घ्यायला कोणी येईना, तर तुम्ही जुन्या गाद्या फोडून त्यातली रुई पुन्हा पिंजून द्यायला सुरुवात केलीत. दिवसभर ती जुनी धूळ नाकातोंडात जायची. पण एकाही बाईला घरी बसवलं नाहीत, हेही खरं. आणि गावांतले पुरुष एकेक करून निघाले होते, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला.

सिंधूचा नवरा सुरतेला यंत्रमागावर कामाला गेला. सिंधू आपलं काम सोडून त्याच्यामागे गेली. तिचा टाका माझ्यापेक्षा सरस होता, तुम्हीच म्हणायच्या. वर्षभरानं ती परत आली, तिकडे खोली परवडत नव्हती. दारात उभी राहिली. तुम्ही म्हणालात, जागा भरली. मी तिथेच होते. मी म्हटलं, "आपा, माही जागा ठेवली न तुमी."

"तुहा नवरा सरहद्दीवर होता. तिचा सुरतेत."

"मंग? बाई तं दोघायचीही घर सोडूनच गेली न."

तुम्ही मला गप्प बस म्हणालात, सिंधूसमोर. सिंधू माझ्याकडे पाहत राहिली आणि गेली. आता ती भाजीबाजारात बसते. मी तिच्याकडूनच भाजी घेते, ती मला नीट तोलून देते, आणि आम्ही दोघी तुमचं नाव काढत नाही.

तेव्हापासून मी नियम, नियम म्हणून तुमच्यामागे लागले. पुढे दिनेशची बदली पठाणकोटला झाली, तेव्हा जातानाही म्हटलं होतं, माझी जागा ठेवताय तर सगळ्यांची ठेवा. तुम्ही चिडायच्या. म्हणायच्या, फौजीची गोष्ट वेगळी. मी म्हणायचे, असू द्या वेगळी, निदान तेवढं तरी चारचौघींत बोलून टाका, मग मी हळूहळू पुढचं भांडेन. तेही नाही. बायका डबा खाताना मला म्हणायच्या, तुह्यं बरं हाय वो मंदा, तुहा नवरा बंदूक घेऊन उभा हाय. त्या हसत म्हणायच्या, पण बोचायचं. दिनेशच्या पाठीवर स्वार होऊन मी नोकरी करते असं वाटायचं, आणि दिनेश तर मला स्टेशनवर सोडून पुन्हा आपल्या बर्फात जायचा. किती वेळा वाटलं, सोडावं. मग तुमचा फोन यायचा, "मंदे, अमरावतीची नवी खोळ पाह्यली काय?" आणि मी पाहायला बसायचे.

गेल्या शनिवारची गोष्ट. तुमचे पाय सुजले होते, डॉक्टरांनी उठू नका म्हटलेलं आणि तुम्ही कारखान्यात. कीर्तीनं तुम्हाला क्वार्टरचं सांगितलं. मी कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता "मी आहो न" येणार. तुम्ही म्हणालात, "पाहू." पाहू? मला कधी पाहू म्हणाला नव्हतात तुम्ही. ती गेल्यावर मी तुमच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, सलीमला बोलवा, आत्ताच्या आत्ता त्याच्यासमोर सांगा की पोरीची जागा राहील.

"तू काहून मरून राहिली तिच्यासाठी? चहा पे."

"चहा नको मले. तिचाही नवरा फौजीच हाय. आता कोनतं कारण सांगता?"

तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. तिकडेच पाहत म्हणालात, "पोरगी चांगली हाय. पन तू नोय ते." मी त्याचा अर्थ काढला की तिचं काम अजून कच्चं आहे. मी वाद घातला, तिनं शिवलेल्या खोळी आणून दाखवल्या. तुम्ही खोळी पाहिल्याही नाहीत. शेवटी तो चहा पिऊनच मी गाडीला निघाले, डोकं तापलेलं, सोमवारी पुन्हा बोलू म्हणून. सोमवारी सकाळी सलीमचा फोन आला.

तर आज. कीर्तीचं ऐकल्यावर मी सलीमकडे गेले. तो मशीनपाशी उभा होता, केसांत रुई, तुमच्यासारखेच ओठ आवळलेले. मी म्हटलं, तुझ्या आईनं माझी जागा ठेवली होती, तशी हिची ठेव. ही इथली रीत आहे.

तो म्हणाला, "ताई, रीत नोयती ते."

"मंग काय होतं?"

"तुमाले खरंच नाई माहीत?" त्यानं मशीन बंद केलं. "अम्मीले फौजबिज काही नोयतं, ताई. ते लोकायले सांगाले होतं. तुमी जोधपूरले गेल्या तवा अम्मी तुमच्या चटईवर कोनाले बसू देत नोयती. मले बी नाई. मी म्हटलं, एवढं काय? तं म्हने, माही पोरगी सासरी गेली असं समज. ते पठाणकोटले तुमी गेल्या तवा तं दोन दिवस जेवली नाई. तुमचा नवरा मास्तर असता, हमाल असता, सुरतेत असता, तरी जागा ठेवलीच असती तिनं. कीर्तीसाठी नसती ठेवली. मी तेच करून राहिलो."

मी खाली बसले, आपा. रुईच्या गठ्ठ्यावरच बसले.

इतकी वर्षं मी तुमच्याशी तत्त्वावर भांडत होते. तुमच्याकडे तत्त्व नव्हतंच. तुम्हाला मुलगी नव्हती आणि तुम्हाला मी आवडले होते, बस. मग सांगायचं ना. एकदा तरी तोंडानं म्हणायचं. मी सुनेची पोरगी झाले असते, दोन्ही घरांत बसले असते, तुमचे पाय दाबून दिले असते. पण मी तर चटईसाठी तुमचे उपकार मानत राहिले, आणि त्या उपकाराची लाज वाटून तुम्हालाच टोचत राहिले. तुम्ही "देश, देश" करत मला चुकवत राहिलात. आणि सिंधूला तुम्ही घालवलंत ते तिचा नवरा सुरतेत होता म्हणून नव्हे, ती मी नव्हते म्हणून. माझ्यावरच्या मायेपायी दुसरीच्या पोटावर पाय आला. ही माया मी कुठे ठेवू, सांगा. आनंदानं रडावं की तुमच्या नावानं बोटं मोडावीत, मला कळेना. दोन्ही केलं मी.

सलीम पाणी घेऊन आला. मी पाणी प्याले आणि म्हटलं, "ठीक हाय. अम्मीनं पोरगी म्हणून ठेवली. तू काही कीर्तीचा बाप नोय, ना मी तिची माय. मंग आता मायेनं नको ठेवू. कारखान्यानं ठेव. जे बाई नवऱ्यामागं जाईन, ते फौजीची असो का सुरतवाल्याची, तिची जागा वर्षभर राहीन. तोवर दुसरी बसन, पन तिले आधीच सांगून बसवायचं."

"धंदा कसा चालन, ताई?"

"अमरावतीचं दुकान कशावर चालून राहिलं? जोधपूरवर. बाहेर गेली तेच बाई काही घेऊन आली. इथं बसणाऱ्या आपुन सगळ्या त्याच त्याच रजया शिवून राहिलो."

मी त्याला हेही सांगितलं की दिनेश आता रिटायर होऊन घरी आलाय, मला कोणाच्या बदलीची वाट पाहायची नाही, आणि अमरावतीत मला बोलावणारी दुकानं आहेत. धमकी होती ती. मी ती तुम्हाला कधी दिली नसती.

"अम्मी असती तं काय म्हनली असती?" त्यानं विचारलं.

"नाई म्हनली असती."

तो हसला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसला असेल, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला, तर त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग डब्याच्या वेळी सगळ्या बायकांसमोर उभा राहून त्यानं सांगितलं. वर्षभर, सगळ्यांसाठी. कीर्तीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. बायका आपसांत बोलायला लागल्या, एकीनं तर लगेच पुण्याचं नाव काढलं. मी म्हटलं, आज नको, आज जेवा. संध्याकाळी भाजीबाजारात जाऊन सिंधूला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "आता काय उपेग? माहं दुकान जमलं बाई इथं." तरी तिनं मला खाली बसायला पोतं सरकवलं, ते कधी सरकवत नव्हती.

घरी आले. दिनेशनं विचारलं, काय झालं आज, तर म्हटलं, जिंकले. त्यानं विचारलं, मग तोंड असं काहून? मला सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. हे भांडण मी जिंकलं ते फक्त समोर तुम्ही नव्हत्या म्हणून. तुम्ही असत्या तर चहा पे म्हणाल्या असत्या, खिडकीकडे तोंड केलं असतं, आणि मी पुन्हा हरून गाडीला पळाले असते. आपा, मला हरायचं होतं.